वेशीला टांगलेलं गाव

गाव गावासारखंच राहिलं पाहिजे, असं ठासून सांगणारी माणसं बहुधा चौथ्या मजल्यावर राहतात. त्याला कारण आहे. चौथ्या मजल्यावरून गाव फार छान दिसतं. नारळींचे शेंडे, केळीची पानं, मधूनच एखादं कौलारू घर आणि त्यातून निघणारा धूर. त्या धुरानं चुलीपुढच्या बाईच्या डोळ्यांतून पाणी येतं. पण चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याची कविता झालेली असते.

हे सुचायला निमित्त झालं आमच्या एका स्नेह्यांचं. उभा जन्म दादरला दोन खोल्यांत काढून निवृत्तीनंतर त्यांनी वसईला फ्लॅट घेतला आणि तिसऱ्याच महिन्यात ‘वसईचं गावपण वाचलं पाहिजे’ असं म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या गॅलरीसमोरच्या वाडीत नवी सात मजली इमारत उठणार होती. ‘अहो, काय हे! सगळी हिरवाई खाऊन टाकणार हे लोक!’ ते कळवळून म्हणाले. त्यांची स्वतःची इमारत उठण्यापूर्वी तिथं काय होतं, असं मी सहज विचारलं.

‘तिथं? तिथं काही नव्हतं हो. नुसती वाडी होती.’

आता यावर काय बोलणार! आणि त्यांना एकट्याला तरी का हसावं? विरार गाडीत शिरताना आपण सगळे हेच करतो. पाय फलाटावर असेपर्यंत ‘आत सरका, आत सरका, पुष्कळ जागा आहे’ म्हणून ओरडतो. आणि एक पाय आत पडला की मागच्याला विचारतो, ‘डोळे फुटले का? दिसत नाही गाडी भरलीय ती?’ विकासाविषयीची आपली मतं पुष्कळदा पाय कुठं आहे यावर ठरतात.

मुंबईकराला वसई दोन लढायांमुळे ठाऊक असते. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला घेतला, ही पहिली. आणि संध्याकाळच्या विरार गाडीतून वसईला उतरण्यासाठी तो स्वतः देतो, ती दुसरी. चिमाजीअप्पांच्या हाताशी निदान तोफा तरी होत्या! या दोन लढायांच्या मध्ये आणखी एक वसई आहे. स्टेशनच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला. तिथं वाड्या आहेत. पानवेली, केळी, भाजीपाला, सोनचाफा, मोगरा. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी तिथलीच. पहाटेच्या गाडीनं टोपल्या घेऊन मुंबईला फुलं आणि भाजी पुरवणाऱ्या बायाही तिथल्याच. मुंबईचे देव सकाळी ज्या हारांनी सजतात, त्यांतली पुष्कळ फुलं वसईच्या ख्रिस्ती वाडीतून आलेली असतात. देवांची त्याबद्दल तक्रार असल्याचं ऐकिवात नाही.

या हिरव्या पट्ट्यावर पहिलं मोठं संकट आलं ते १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. शेतीच्या जमिनी बांधकामाला मोकळ्या होऊ लागल्या, तेव्हा गावकऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभारली. तिच्या अग्रभागी होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. हेच फादर पुढं २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि २०२४ साली ते गेले. १९९० साली नियोजनाचं काम सिडकोकडे आलं. २००९ साली चार नगरपालिका आणि ५३ गावं एकत्र करून महापालिका झाली. गावं म्हणाली, आम्हाला नको तुमची महापालिका. २०११ साली शासनानं २९ गावं वगळायचं ठरवलं, आणि मग ते भांडण कोर्टात गेलं. आपण गावात राहतो की शहरात, हा खरा भूगोलाचा प्रश्न. पण तो कायद्याच्या पेपरात आल्यामुळे वर्षानुवर्षं सुटला नाही. दरम्यान २०११च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. गाव की शहर, याचा निकाल माणसांनी कोर्टाची वाट न पाहता लावून टाकला होता.

या इमारतींची नावं मात्र वाचण्यासारखी असतात. आंबराई तोडून उभारलेली ‘आम्रकुंज’ आणि नारळी पाडून उभारलेली ‘श्रीफळ’. लोक यावर रागावतात. मला तसा राग येत नाही. आजोबा गेले की नातवाला त्यांचं नाव ठेवायची आपल्याकडे रीतच आहे. फरक एवढाच, की नातवासाठी म्हणून कोणी आजोबांना मुद्दाम पाडत नाही.

तर गावपण हवं, यावर चौथ्या मजल्याचं एकमत असतं. मतभेद होतात ते तपशिलात. गावपण हवं, पण शेणखताचा वास खिडकीशी येऊ नये. कोंबडा असावा, पण त्यानं रविवारी आठनंतर आरवावं. पाचूबंदरला जाऊन ताजी मासळी आणायला मजा येते. पण सुकत घातलेल्या बोंबलांनी आपला वास आपल्यापाशी ठेवावा. स्नेह्यांच्या सोसायटीत एका सभासदानं पावसाळ्यात बेडकांविरुद्ध लेखी अर्ज दिला होता. ‘रात्रभर ओरडून झोपमोड करतात, तरी सेक्रेटरीसाहेबांनी योग्य ती कारवाई करावी.’ सेक्रेटरीसाहेबांनी अर्ज फाइलला लावला. बेडूक मेंटेनन्स भरत नसल्यामुळे त्यांना नोटीस बजावता येईना.

थोडक्यात, आपल्याला हवं असतं ते गाव नव्हे, गावाचं कॅलेंडर. बारा पानांचं, भिंतीवर टांगता येणारं आणि आवाज न करणारं.

आगाशीच्या बाजूला आमच्या ओळखीचे एक वाडीवाले काका आहेत. त्यांच्यापाशी मी एकदा हा विषय काढला. म्हटलं, ‘काका, काही झालं तरी वाडी विकू नका हं. अशी हिरवाई पुन्हा व्हायची नाही.’

काका पाणी लावत होते. हातातलं खोरं बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, ‘साहेब, मुंबईत तुमी कुठं राहता?’

‘जुन्या चाळीत. आता ती पाडून टॉवर होतोय.’

‘मग नका ना पाडू. आमाला आवडते तुमची चाळ. लाकडी जिना, लांब ओटी, दिवाळीला सगळ्या दारांत कंदील. आमी येऊ की वर्षातून एकदा बघायला.’

मी गप्प बसलो. काका हसले आणि पुन्हा पाणी लावू लागले.

हा खरा नैतिक पेच आहे, आणि तो चांगल्या चांगल्या व्याख्यात्यांना सुटत नाही. चाळीनं टॉवर व्हावं आणि वाडीनं मात्र वाडीच राहावं, हा कुठला न्याय? हिरवाईचा गारवा सगळ्या तालुक्याला. आणि पहाटे उठणं, मजूर न मिळणं, भाव पडणं, हे सगळं एकट्या काकांना! त्यांच्या मुलीला डॉक्टर व्हायचं असेल, तर तिची फी आपण पाहिलेल्या सृष्टिसौंदर्यातून भरता येत नाही. आणि ‘पूर्वीचं गाव’ म्हणताना आपण जे डोळ्यांपुढं आणतो, त्यात रात्रीअपरात्री बाळंतीण अडली की गाडी नव्हती, जातीजातींच्या आळ्या वेगळ्या होत्या आणि कोणाच्या घरी काय शिजतं याची खबर भात शिजायच्या आधी गावभर होत असे, हे सोयीस्करपणे येत नाही. गावाला दवाखाना हवा असतो, नळ हवा असतो, कॉलेज हवं असतं. गावपण राखायचं म्हणजे गावाला मागास राखायचं, असा अर्थ काढाल तर गावच तुम्हाला वेशीपर्यंत पोचवून येईल.

बरं, घेणाऱ्याला तरी दोष कसा द्यावा? १९८२च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थंडावले. परळ-लालबागची कितीतरी कुटुंबं लांब लांबच्या स्टेशनांकडे सरकली. नालासोपाऱ्याला एक खोली नि स्वयंपाकघर घेणारा माणूस काही निसर्गाचा वैरी म्हणून येत नाही. डोक्यावर छप्पर आणि महिन्याचा हप्ता यांची तोंडमिळवणी जिथं होते, तिथं तो उतरतो. उतरू दिलं तर.

म्हणजे विकणारा निर्दोष, घेणाराही निर्दोष. मग गाव मेलं कसं? पोलीस पंचनाम्यात लिहितात तसं ‘आकस्मिक मृत्यू’ लिहून मोकळं व्हायचं का?

इथं मला बावखल आठवतं. बावखल म्हणजे वाडीतलं खणलेलं, गोड्या पाण्याचं लहानसं तळं. वसईच्या जुन्या माणसांनी अशी बावखलं जागोजाग खणून ठेवली. पावसाचं पाणी त्यांत साठायचं, सावकाश जमिनीत मुरायचं आणि शेजारच्या विहिरी उन्हाळाभर गोड राखायचं. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना विहिरीला गोडं पाणी लागतं, ही फुकटची कृपा नव्हे. जमिनीतलं गोडं पाणी खाऱ्या पाण्याला बाहेर रेटून धरतं, म्हणून ते असतं. उपसा वाढला की खारं पाणी पुढं येतं. त्याला ‘आत सरका’ म्हणावं लागत नाही.

आणि उपसा वाढला. नव्या इमारतींना नळ नव्हते. टँकर आले. गावातल्या विहिरींना पंप बसले आणि रात्रंदिवस पाणी शहराकडे निघालं. विहिरी मचूळ झाल्या, बावखलं बुजली, पानवेली माना टाकू लागल्या. मग ज्या शेतकऱ्यानं विकली, त्यानं ती मोकळ्या मनानं विकली असं कसं म्हणावं? शेजाऱ्यानं आधी विहीर आटवली, मग जमिनीचा भाव विचारला. नळ आले तेही बहुतांशी सूर्या प्रकल्पाचे. हा प्रकल्प मुळात डहाणू-पालघरकडच्या आदिवासी शेतीला पाणी द्यायला बांधलेला. म्हणजे आमची बादली भरायला कोणाचं तरी शेत थांबलं. चौथ्या मजल्यावरून ते दिसत नाही, एवढंच.

पाणी मात्र हिशेब विसरत नाही. जुलै २०१८मध्ये धो धो पाऊस झाला आणि वसई-नालासोपारा कित्येक दिवस पाण्यात राहिलं. गाड्या बंद, वीज गेलेली, मिठागरातली माणसं अडकलेली. पावसाचं पाणी आपल्या जुन्या पत्त्यावर मुरायला आणि वाहून जायला आलं होतं. त्या पत्त्यावर आता सोसायट्या होत्या. पाणी मुकाट्यानं तळमजल्यात शिरलं. पाणथळ भाग भरताना, नाले आवळताना ‘तिथं काही नव्हतं’ असं कोणीतरी म्हणालंच असणार.

तेव्हा माझ्या मते गावपण म्हणजे कौलं नव्हेत, बैलगाडी नव्हे आणि धोतर तर नव्हेच. माझ्या कुंपणाच्या आत मी जे करतो त्यानं शेजाऱ्याची विहीर आटेल का, याची लाज वाटणं म्हणजे गावपण. ही लाज सात मजली इमारतीतही बाळगता येते आणि कौलारू घरातही सोडता येते. गावात जन्मलेल्या कितीतरी शूर वीरांनी स्वतःची बावखलं स्वतःच बुजवली आहेत.

हरित वसईच्या माणसांविषयी मला आदर वाटतो तो याच कारणासाठी. जमिनी मोकळ्या झाल्या तर ज्यांच्या वाडीला सोन्याचा भाव येणार होता, त्यांतलेच पुष्कळजण ‘नको’ म्हणून रस्त्यावर उतरले होते. स्वतःच्या खिशाला चाट लावून केलेला विरोध आणि दुसऱ्याच्या खिशाला चाट लावून केलेला विरोध, दोन्हींच्या घोषणा अगदी सारख्या असतात. ओळखायची खूण एकच. ‘हे राखायला माझे किती जातील?’ असं विचारलं की पहिला आकडा सांगतो आणि दुसरा निसर्गावर बोलू लागतो.

अलीकडे वसईत काही तरुण मुलं गुडघाभर चिखलात उतरून बुजत चाललेली बावखलं साफ करतात. त्यांत गावची आहेत तशी इमारतीतलीही आहेत. चिखलात उतरल्यावर कोण मूळचा नि कोण उपरा, ते ओळखू येत नाही; सगळे सारखेच काळे दिसतात. गावात प्रवेश मिळवायचा याहून चांगला दाखला मला तरी ठाऊक नाही. रेशन कार्डापेक्षा लवकर मिळतो.

‘गाव तसं चांगलं, पण वेशीला टांगलं’ अशी आपल्याकडे म्हण आहे. वसईच्या वेशीवर आता खरोखरच गाव टांगलेलं असतं. बिल्डरच्या भल्यामोठ्या फलकावर नारळी, तळं आणि हसरं कुटुंब. खाली फोन नंबर. ज्यांना चित्रातलंच गाव पुरे आहे, त्यांनी तिथं फोन करावा.

ज्यांना खरं गाव हवं आहे, त्यांच्यापुढं महापालिका, कोर्ट, विकास आराखडा अशा मोठमोठ्या गोष्टी आहेतच. गावकऱ्यांशी बसून, त्यांच्या ग्रामसभेचं ऐकून, बावखल राखणाऱ्या वाडीला करातून काय देता येईल हे मांडून त्या कराव्याच लागतील, आणि त्यांना वेळ लागेल. तोपर्यंत एक लहानशी गोष्ट कोणालाही जमण्यासारखी आहे. सकाळी ती टोपलीवाली मावशी दारात येते. तिच्याकडच्या पालेभाजीच्या जुडीत शेत, विहीर, बावखल, सगळं बांधून आलेलं असतं. हिरवाई वाचवण्याविषयी तिच्याशी जरूर बोलावं. फक्त बोलता बोलता जुडीमागे दोन रुपये कमी करून मागू नयेत.