कबुलीआधी वकील

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. अल्पवयीन चालकाला काही तासांतच जामीन मिळाला आणि वर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, हे कळल्यावर महाराष्ट्र खवळला. तो संताप रास्तच होता. पण त्या भरात एक प्रश्न घराघरांत विचारला गेला: असल्या माणसाचे वकीलपत्र कुणी घ्यावेच कशाला? हा प्रश्न मला धोक्याचा वाटतो. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्यात आपल्याकडे वकील जास्त झालेले नाहीत. बहुतेक आरोपींना तो मिळतच नाही, आणि दुखणे तिथे आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की गुन्हा होतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. सिग्नल तोडल्याचा दंड जागेवर भरून मोकळे होता येते, तसे इथे होत नाही. कोर्टाची पायरी चढावीच लागते.

आता त्या कोर्टातली सकाळ पाहा. व्हरांड्यात रिक्षावाले, टेम्पोचालक, घरोघरी पार्सल पोचवणारी पोरे, एखादा कारकून उभे असतात. नाकाबंदीत यंत्रात फुंकायला लावले, कागदाची चिटोरी बाहेर आली, लायसन्स गेले, गाडी चौकीत अडकली आणि हाती तारीख पडली, एवढेच त्यांना ठाऊक असते. नाव पुकारले जाते. "गुन्हा कबूल आहे?" "हो साहेब." मिनिटभरात प्रकरण निकाली निघते. शेजारच्याने कानात सांगितलेले असते की कबूल कर, दंड भर, गाडी घेऊन जा. त्या "हो साहेब"मध्ये आपण काय देऊन बसलो, हे त्याला कुणीच सांगितलेले नसते.

त्याने दिलेली असते दोषसिद्धी. पुढच्या वेळी तो नवखा गुन्हेगार राहत नाही, सरळ दोन वर्षांच्या शिक्षेच्या कक्षेत येतो. लायसन्स निलंबित किंवा रद्द होऊ शकते, आणि ज्याचे पोट स्टिअरिंगवर आहे त्याच्यासाठी हा दंडापेक्षा कितीतरी मोठा घाव. अपघात झालेला असेल तर गाडीच्या नुकसानीचा विमा हातचा जातो. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही ठरवले की श्वासाची वा रक्ताची चाचणी झालेली नसली तरी चालक नशेत होता हे विमा कंपनी इतर पुराव्याने दाखवू शकते. परदेशी नोकरीला असलेल्यांचे तर याहून कठीण. अमेरिकेत अशा प्रकरणात नुसती अटक झाली, दोष सिद्ध व्हायचा बाकी असला, तरी व्हिसा रद्द होऊ शकतो.

वकील इथे काय करतो? खोटे बोलायला शिकवतो, हा समज चित्रपटांनी पसरवला. जाणता वकील आधी कागद मागतो. यंत्राची तपासणी आणि जुळणी शेवटची कधी झाली? छापील चिटोरीवर नाव आणि वेळ बरोबर आहे का? कलम 185 खाली अटक झाल्यास दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडावे लागते. ती झाली का? रक्ताची बाटली सीलबंद होती का, ती प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कुणाकुणाच्या हातून गेली? यातल्या एकाही प्रश्नात लबाडी नाही. मुंबईतल्या बच्चूभाई कर्याणी खटल्यात 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तोंडाला वास येणे, तोल जाणे, बोलणे असंबद्ध होणे एवढ्यावरून माणूस प्यायला होता असा पक्का निष्कर्ष काढता येत नाही. कुणीतरी हा मुद्दा नेटाने लढवला म्हणूनच रक्ततपासणीचे महत्त्व ठसले.

बचाव झाला की आरोपी सुटतोच, असेही नाही. नोव्हेंबर 2006 मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालक अ‍ॅलिस्टर परेराच्या रक्तात 0.112 टक्के अल्कोहोल निघाले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाचा ठपका ठेवून सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध मानून ती तीन वर्षांवर नेली. बचाव सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2012 मध्ये तिथेही तीच शिक्षा कायम झाली. शिक्षा मला कमी वाटते. पण नशेत माणसे चिरडणे हा नेहमीच निव्वळ निष्काळजीपणा नसतो, हे तत्त्व प्रत्येक आक्षेप ऐकून घेऊन उभे राहिले, म्हणून ते आजही पुढच्या खटल्यांत कामी येते.

राग धरायचाच तर जिथे पुराव्याची तपासणी संपून पुराव्याची मोडतोड सुरू होते, तिथे धरावा. दिल्लीत 1999 मध्ये बीएमडब्ल्यूखाली सहा जण मेले. त्या खटल्यात साक्षीदार फोडण्याचा प्रयत्न वाहिनीच्या छुप्या कॅमेऱ्यात सापडला आणि आरोपीचे ज्येष्ठ वकील आर. के. आनंद न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरले. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना दोषीच धरले. पुण्याच्या प्रकरणात चालकाचे रक्त ससून रुग्णालयात बदलले गेल्याचा आरोप आहे, डॉक्टरांना त्यात अटकही झाली. हा आरोप आहे, निकाल नव्हे. पण तो खरा ठरला तर त्याला बचाव म्हणता येणार नाही. तो दुसरा गुन्हा, आणि मेलेल्यांच्या आईबापांवर दुसरा घाला. नमुना कसा हाताळला हे खोदून विचारणारा वकील खरे तर असल्या अदलाबदलीचा शत्रू असतो.

पैसेवाल्याला वकील मिळाला म्हणून मी अस्वस्थ होत नाही. व्हरांड्यातल्या टेम्पोचालकाला तो मिळाला नाही, याने होतो. संविधानाच्या कलम 22 ने अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला आहे. 1978 मध्ये होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या आपल्याच राज्यातून गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरीब कैद्याला मोफत वकील पुरवणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कोठडीतले आरोपी आणि ठरावीक मर्यादेत उत्पन्न असलेले सारे मोफत वकिलाला पात्र आहेत. कबुली नोंदवण्याआधी न्यायालयाने प्रत्येकाला हे तोंडी सांगितले पाहिजे आणि दारात बसलेल्या विधी सेवा वकिलाकडे पाठवले पाहिजे. सगळे ऐकून ज्याला कबूल करायचे असेल त्याने खुशाल करावे. ती कबुली समजून दिलेली असेल.

तुमच्या ओळखीत कुणाला अशी तारीख लागली असेल तर त्याला "प्यायलास कशाला" हे जरूर विचारा, कडक शब्दांत विचारा. मग त्याला जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयाचा पत्ता द्या. दूरध्वनीवर मदत हवी असेल तर क्रमांक 15100 आहे.