मुलाने कोणता विषय घ्यावा, व तो कोणी ठरवावा?

दहावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या ओट्यावर मंडळींची ये-जा वाढते. कोणी गुणपत्रिकेची प्रत घडी करून खिशात आणितो, कोणी ती मोबाइलवरच दाखवितो, परंतु प्रश्न बहुधा एकच असतो, "पोराला कोणत्या लायनीला घालू?" मागील उन्हाळ्यात असेच एक गृहस्थ आपल्या मुलास घेऊन आले. दुसऱ्याची जमीन वाट्याने करणारा हा मनुष्य. हातात भुईमुगाच्या ओल्या शेंगांची पिशवी. बसण्यापूर्वीच ते म्हणाले, "गुरुजी, पोराला सत्त्याऐंशी टक्के पडले. सायन्सला घालतो. डॉक्टर करायचा." आम्ही मुलास विचारिले, "तुझ्या मनात काय आहे रे?" तो खाली पाहून म्हणाला, "आबा म्हणतील तसं."

बापास ह्या उत्तराने संतोष झाला. आम्हांस झाला नाही. आज्ञाधारक मुलगा कोणास नको आहे? तथापि आयुष्यातील दोन वर्षे, आणि कदाचित पुढील सारा जन्म, कोणत्या विद्येस द्यावा ह्या प्रश्नास जर सोळा वर्षांचा मुलगा एवढेच उत्तर देत असेल, तर ते आज्ञापालन आहे की भय आहे, हे पाहिले पाहिजे. कोणता विषय चांगला हे लोक विचारितात. पण तो कोणी ठरवावा हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे, आणि तो नीतीचा प्रश्न आहे.

मुलाने एका विषयाकडे कोणत्या वयात वळावे ह्याविषयी ज्ञात्यांचेही एकमत झालेले नाही. १९५२-५३ साली मुदलियार आयोगाने अशी शिफारस केली की माध्यमिक शाळेतच निरनिराळे अभ्यासक्रम असावेत. मानव्यविद्या, शास्त्र, तांत्रिक शिक्षण, वाणिज्य, शेती, ललितकला व गृहशास्त्र असे सात गट त्याने सांगितले. हेतू हा की सर्व मुलांनी एकाच वाटेने जाऊन कारकुनीच्या दाराशी गर्दी करू नये. पुढे १९६४ ते १९६६ ह्या काळात कोठारी आयोग बसला. त्यास ही फारकत फार लवकर होते असे वाटले. पहिली दहा वर्षे सर्वांस सामान्य शिक्षण मिळावे व वाटा त्यानंतर फुटाव्यात, असे त्याने म्हटले. आपल्या मुलांची दहावी, बारावी व पदवी ही रचना त्याच विचारातून आली, आणि महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ साली झाली. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण तर ह्याहून पुढे जाऊन म्हणते की कला व विज्ञान ह्यांमध्ये, तसेच पुस्तकी विद्या व हातची विद्या ह्यांमध्ये, कडक भिंती असू नयेत. बोलणे चांगले आहे. परंतु कागदावरची भिंत पडली म्हणून तालुक्याच्या गावची पडतेच असे नाही. जेथे कनिष्ठ महाविद्यालयात दोनच तुकड्या आहेत, तेथे एखाद्या मुलीस इतिहासाबरोबर गणित शिकावयाचे असले तर तिला ते शिकविणार कोण?

आम्हांस कोठारी आयोगाचे म्हणणे पटते, आणि त्याचे कारण आमच्या अनुभवातले आहे. खेड्यातील मुलाने दहावीपर्यंत किती प्रकारचे विद्यावंत पाहिलेले असतात? शिक्षक, तलाठी, आरोग्य केंद्रातील डॉक्टर व परिचारिका, बँकेतील साहेब, आणि पोलीस. भूगर्भशास्त्रज्ञ विहिरीची जागा शोधण्यास शिकलेला असतो, भाषाशास्त्रज्ञ आपल्या बोलीचा अभ्यास करितो, संख्याशास्त्रज्ञ पिकाचा अंदाज बांधितो, हे त्या मुलाच्या कानावरही आलेले नसते. जे कधी पाहिले नाही त्याची इच्छा तो कोठून करणार? म्हणून लहान वयात "माझी आवड अमुक" असे मुलगा सांगतो तेव्हा त्या सांगण्यासही थोडे सांभाळून घ्यावे लागते.

आता कोणी म्हणेल, मग बापानेच ठरविले तर काय बिघडले? मुलास कळत नाही, बापास कळते. पण बापास तरी काय कळते, हे आपण प्रामाणिकपणे पाहू. आमच्याकडे येणाऱ्या दहा जणांपैकी आठ-नऊ जणांस हे ठाऊक नसते की विज्ञान शाखेत गेल्यावरही गणित व जीवशास्त्र ह्यांची निवड करावी लागते, आणि त्या निवडीवर पुढचे बरेच अवलंबून असते. वैद्यकीच्या 'नीट' परीक्षेस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र लागते. अभियांत्रिकीकडे जावयाचे तर सामान्यतः गणित लागते. दोन्ही विषय घेता येतात खरे, पण ओझे दुप्पट होते. बी.एस्सी. नर्सिंगसाठी विज्ञान शाखा लागते, परंतु परिचारिकेच्या जी.एन.एम. अभ्यासक्रमास कला शाखेची मुलगीही जाऊ शकते. कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास कोणतीही शाखा चालते, शिक्षकाच्या डी.एल.एड.लाही चालते, राज्य सेवा परीक्षेस कोणत्याही विषयाची पदवी पुरते. विज्ञानाचा मुलगा बारावीनंतर कला किंवा वाणिज्याकडे वळू शकतो, पण उलट्या दिशेने येणे फार कठीण. तरी तेही सर्वस्वी अशक्य राहिलेले नाही, कारण २०२३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे जाहीर केले की बारावीनंतर जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यासही 'नीट'ला बसता येईल. ह्या गोष्टी कोठे गुप्त ठेविलेल्या नाहीत. तरी बाप त्या विचारीत नाही, कारण त्याच्या मनात प्रश्न निराळाच असतो. तो असा की, लोक काय म्हणतील?

होय, ह्या साऱ्या घोळाचे मूळ आम्हांस येथे दिसते. सत्त्याऐंशी टक्के पडलेला मुलगा कला शाखेस गेला तर भावकीत चर्चा होते की ह्याचे कोठेतरी बिनसले. विज्ञान हुशारांचे, वाणिज्य मधल्यांचे, आणि कला उरलेल्यांची, अशी उतरंड आपण मनात रचून ठेविली आहे. विद्येची अशी उच्चनीचता मानणे हे आपल्या लोकांनी तरी करू नये असे वाटते. जन्मावरून माणसाची पायरी ठरविण्याचा जाच ज्यांच्या वाडवडिलांनी भोगला, त्यांनी मुलांच्या विषयांवरून पुन्हा पायऱ्या बांधाव्यात हे विचित्र नव्हे काय?

ह्याहून अवघड गोष्ट पैशाची आहे. लातूरच्या शिकवणी वर्गांचे नाव आता वाडीवस्तीपर्यंत गेले आहे. कोणी बैल विकून, कोणी सोने गहाण ठेवून मुलास तेथे पाठवितो. त्या त्यागास आम्ही लहान लेखीत नाही. असले आईबाप पाहिले म्हणजे आमची मान खाली जाते. परंतु पुढे होते ते असे. मुलाचे मन त्या अभ्यासात लागत नाही, तो फोनवर चाचरत बोलतो, आणि बाप म्हणतो, "तुझ्यापायी बैल विकला रे." ह्या एका वाक्याने मुलाचे तोंड कायमचे बंद होते. आमचा प्रश्न असा आहे: बापाने केलेल्या त्यागाने मुलाचे मन विकत घेता येते काय? आमच्या मते येत नाही. "एवढा खर्च माझ्याने होणार नाही, ह्या मर्यादेत तू निवड," असे बाप म्हणू शकतो, आणि ते त्याने आधी व उघडपणे म्हणावे. त्यात अन्याय नाही. मुलास ठाऊक नसलेल्या वाटा दाखविणे, धोके सांगणे, चुकत असेल तर भांडणेसुद्धा, हे सर्व त्याचे काम आहे. परंतु खर्च करून मग त्या खर्चाच्या जोरावर मुलाच्या मनावर मालकी सांगणे, हे सावकाराचे काम झाले, बापाचे नव्हे.

येथे एक शंका राहते. लहान वयात एकच वाट धरली व ती चुकली, तर सारे फुकट गेले काय? पंडिता रमाबाईंचे उदाहरण आम्हांस येथे आठवते. त्यांचे बालपणीचे शिक्षण इतके एकांगी होते की आज कोणी तसे देणार नाही. आईबापांनी त्यांस संस्कृत शिकविले, आणि रानावनांतून व तीर्थांतून हिंडताना तेच शिकविले. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री डॉक्टरांची गरज सांगितली, आणि १८८३ साली स्वतः वैद्यकी शिकण्याच्या हेतूने त्या इंग्लंडास गेल्या. परंतु त्यांस कमी ऐकू येऊ लागले होते, त्यामुळे ती वाट बंद झाली. तेव्हा त्यांनी चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात अध्ययन केले व तेथेच संस्कृत शिकविले. १८८६ साली आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानास त्या अमेरिकेस गेल्या, आणि तेथे बालोद्यान शिक्षणाची पद्धती शिकल्या. १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले ते ह्या शिदोरीवर. उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक ह्या भाषा शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, आणि भाषा शिकण्याची ती ताकद त्यांस बाळपणीच्या त्या एकाच विषयाने दिली होती असे आम्हांस वाटते. एक विषय मुळापासून शिकलेल्या माणसास दुसरा शिकणे जड जात नाही. दहा विषय वरवर चाखलेल्यास जाते.

असेच दुसरे उदाहरण गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांचे. ते गणिती होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात व नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी गणिताचे काम केले. हाताहाती फिरून नाणे झिजते व त्याचे वजन घटते, हे ध्यानात घेऊन त्यांनी प्राचीन आहत नाणी तोलली आणि संख्याशास्त्राने त्यांचा काळ व क्रम लावण्याचा यत्न केला. १९५६ साली त्यांचा भारतीय इतिहासावरील ग्रंथ निघाला, तो आजही अभ्यासिला जातो. गणिताची वाट इतिहासात अशी उतरली.

पण आम्ही येथे वाचकांस फसविणार नाही. रमाबाईंचे व कोसंबींचे वडील दोघेही मोठे पंडित होते. घरीच ग्रंथ होते. आपल्या वाट्याने शेती करणाऱ्या भावाच्या घरी तसे नाही, आणि त्याच्या मुलाची दोन वर्षे वाया गेली तर तिसऱ्या वर्षाची फी भरणारा कोणी नाही. म्हणून "मन रमेल तेथे जा, पुढे पाहू," असा उपदेश आम्ही करीत नाही. तो उपदेश पोटभर जेवलेल्यांचा आहे.

मुलींविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती आमच्याच चुकीची आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलीची आई सल्ला विचारण्यास आली. मुलगी गणितात पक्की होती. विज्ञान शाखा दूरच्या गावी, एस.टी. सकाळी एकच, संध्याकाळी परत येण्यास उशीर. कला शाखा मात्र जवळ. आम्ही फार विचार न करिता म्हणालो, "बाई, जवळच घाला, पोरीची जात आहे." मुलगी तेथेच उभी होती. तिला आम्ही एक शब्दही विचारिला नाही. आज ती दोन लेकरांची आई आहे आणि बचत गटाचे हिशेब असे चोख ठेविते की बँकेचे लोक तिची वही पाहून थक्क होतात. लोक तिचे कौतुक करितात. आम्ही त्या वहीकडे पाहतो तेव्हा आम्हांस बोलवत नाही. तिचा विषय तिने निवडला नाही, तिच्या आईनेही नाही. तो एस.टी.च्या वेळापत्रकाने व आमच्या आळसाने निवडला.

त्या शेंगा आणणाऱ्या गृहस्थांची गोष्ट अर्धी राहिली. चहा झाल्यावर बाप मागल्या बाजूस हात धुण्यास गेले, तेव्हा मुलगा हळूच म्हणाला, "गुरुजी, मला मोटारीचं काम आवडतं. शेजारच्या काकांबरोबर मी पाण्याची मोटार वाइंडिंग करतो. जळालेली सुद्धा." मग तो इतके बोलला की आम्ही ऐकतच राहिलो, तारेचे वेढे किती, कोणत्या जाडीची तार, कमी दाबाने मोटार का जळते. बाप परत आले तेव्हा आम्ही त्यांस म्हणालो की तुमच्यासमोर जे तो बोलला नाही ते आता त्यास बोलू द्या. मुलगा घाबरत का होईना, बोलला. दहावीनंतर तीन वर्षांची विद्युत अभियांत्रिकीची पदविका असते, आणि ती झाल्यावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळू शकतो, हे आम्ही समजावून सांगितले. बाप बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे वायरमनच की हो, गुरुजी." आम्ही काही बोललो नाही. ते उठले, पिशवी ओट्यावरच ठेवून गेले.

आठ दिवसांनी ते एकटेच आले. उभ्यानेच विचारिले, "त्या डिप्लोमाला गणित लागतं का हो?"

आम्ही म्हणालो, "लागते."

"त्याचं गणित बरं आहे," ते म्हणाले, आणि अर्ज भरण्याची शेवटची तारीख कोणती ते विचारू लागले.