दायविभाग आणि अडगळ

सज्जनहो, 'दाय' शब्दाचा अर्थ मिताक्षराकार विज्ञानेश्वरांनी मोठा मार्मिक सांगितला आहे. मूळ धन्याशी असलेल्या केवळ नात्यामुळे जे धन आपले होते, ते दाय. वडिलार्जित जमीन आपण मिळविली नाही. ती नात्याने आली. नात्याने आलेली वस्तू नातेच तोडावयास कारण व्हावी, हे केवढे नवल!

कीर्तनानिमित्त आम्ही गावोगाव जातो. सकाळी कोणी ना कोणी वाटणीचा तंटा घेऊन येतोच. त्यात एक प्रकार वारंवार दिसतो. भावांपैकी एकाला साठविण्याचा नाद. विहिरीवर मोटार बसून वर्षे लोटली, तरी मोटेचा कुजका नाडा पडवीत लटकलेला. मोडकी पाभर, फुटके डबे, खताची रिकामी पोती यांनी गोठा भरला, आता ढीग बांधावर आला. मोजणीदाराला पाय ठेवायला जागा नाही. दुसरा भाऊ म्हणतो, "महाराज, याला वाटा कशाला? त्याचाही उकिरडाच करील. एके रात्री सगळे पेटवून देतो!"

मायबापहो, येथे देहूची कथा आठवावी. महिपतीबोवांनी ती वर्णिली आहे. वडिलांच्या सावकारीची खते इंद्रायणीत बुडविण्यास तुकोबाराय निघाले. धाकट्या कान्होबांना प्रपंच चालवायचा होता. तुकोबांनी निम्मी खते त्यांच्या हाती दिली आणि आपली निम्मीच डोहात सोडली. एवढा विरक्त पुरुष, पण भावाच्या वाट्यावर त्याने आपले वैराग्य लादले नाही! सिद्धान्त हाच की, सोडायचे ते आपले. दुसऱ्याकडून बळाने सोडविणे हा त्याग नव्हे, जुलूम होय.

तस्मात् साठवणाऱ्या भावाचा हिस्सा त्याच्या स्वभावामुळे कमी होत नाही. तसा ढिगाने जागा अडविली म्हणून वाढतही नाही. बहिणींचाही वाटा धरा. २००५ सालच्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार झाली आहे. सर्वांचे एकमत असेल तर जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करून वाटणी होते. हद्दीच्या खुणा, विहिरीची पाळी, वहिवाटीची वाट, सगळे कागदावर आणा. आपला शब्द मुलांच्या वेळी कोणाच्या ध्यानात राहत नाही.

आणि अडगळीचे काय? तिला मुदत द्या, काडी लावू नका. दादाच्या शेजारी बसा, एकेक वस्तू हाती घेऊन विचारा. पुष्कळदा त्या नाड्यात बाप असतो, फुटक्या डब्यात दुष्काळाचे भय असते. अनावर साठवण हा मनाचा विकारही असतो, असे आता वैद्यकशास्त्र मानते. तसे दिसले तर डॉक्टरांकडे न्यावे. त्यात लाज कसली?

साठवणाऱ्या दादांनाही दोन शब्द. वारीला निघताना आपण एक पडशी घेतो. आळंदीपासून पंढरीपर्यंत तेवढ्यात निभते. ओझे जास्त झाले की दिवेघाटातच पाय मागे राहतात. जो ढीग भावाची वाट अडवितो, तो आपलीही अडवितो.

आणि ज्यांच्या घरी अडगळ नाही, त्यांनीही स्वतःकडे पाहावे. दोन वितींसाठी बांध कोरणारा, तोही साठवणाराच. त्याचा ढीग दिसत नाही, एवढेच.

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!