पाऱ्याचा विक्रम आणि बंद दार

उन्हाळ्याचा उच्चांक मोडला की आपण आकडा वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. त्या उन्हात कोण एकटे होते, हे आपण विचारतो का?

फ्रान्स हा समशीतोष्ण हवामानाचा देश. २००३ च्या ऑगस्टमध्ये तेथे उष्णतेची भयंकर लाट आली. रात्रीसुद्धा गारवा नव्हता. सुमारे १५,००० माणसे दगावली. त्यांत बहुतेक वृद्ध, कित्येक एकटे राहणारे. महिना सुट्टीचा, अनेक कुटुंबे बाहेरगावी गेलेली. पॅरिसमधील ५७ मृतदेह न्यायला कोणीच आले नाही. ३ सप्टेंबरला त्यांच्या दफनविधीला राष्ट्राध्यक्ष जाक शिराक स्वतः उपस्थित राहिले.

दोष उन्हाचा म्हणावा, तर २०१९ च्या जूनमध्ये दक्षिण फ्रान्समध्ये पारा ४६ अंशांवर गेला. तो तेथील नवा उच्चांक होता. तरी त्या उन्हाळ्यात सुमारे दीड हजार मृत्यू झाले. दोन्ही वर्षांच्या लाटा सारख्या नव्हत्या, हे खरे. पण मधल्या काळात धोक्याचे इशारे वेळेवर मिळू लागले होते. नगरपालिका एकाकी वृद्धांची नोंद ठेवून त्यांची विचारपूस करू लागल्या होत्या.

२००३ साली कोणी कोणाचे मुद्दाम वाईट केले नव्हते. मग जबाबदारी कोणाची? केलेल्या चुका आपण कबूल करतो. करायचे राहून गेले, ते सहसा आठवतही नाही. ऊन कमी करणे आपल्या हाती नाही. शेजारचे दार ठोठावणे मात्र नक्कीच आहे.