स्टिअरिंगचा प्ले

अण्णांची गाडी म्हणजे 1984ची प्रीमियर पद्मिनी. साताऱ्यात आमच्या गल्लीत तिला सगळे फियाटच म्हणतात, आणि तेही चूक नाही. इटलीची फियाट 1100 मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायची, तिलाच पुढे 1970च्या दशकात पद्मिनी हे नाव मिळालं. तुम्ही तिला काळी-पिवळी म्हणून पाहिलं असेल. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून उतरली, त्यामुळे आता पाहायची तर जुन्या सिनेमात.

तिचं स्टिअरिंग मोठं आणि बारीक कड्याचं. आरे जिथे कड्याला मिळतात तिथे प्लॅस्टिक तडकून आतलं लोखंड दिसायला लागलेलं. घड्याळात दहा आणि दोन असतात त्या दोन जागी मात्र कडं घासून गुळगुळीत झालंय. चाळीस वर्षं अण्णांचे हात तिथेच होते. मी त्याचा फोटो काढून इन्स्टावर टाकला, खाली लिहिलं, ‘वडिलांचे हात’. लोकांनी बदाम टाकले. अण्णांना दाखवला तर म्हणाले, “बदलून टाक की. तडे बोचतात.”

मला बदलायचं नव्हतं. बाजारात मिळेल ते नवं स्टिअरिंग बसवलं तर गाडीत अण्णांचं असं काय उरणार? म्हणून जुनंच दुरुस्त करणारा मिस्त्री शोधला. तो सांगलीत मिळाला.

जाताना गाडी मी चालवली, कित्येक वर्षांनी. पेठ नाक्याला हायवे सोडून सांगलीच्या रस्त्याला लागलो. पुढे उसाची ट्रॉली, तिच्या मागे सायकलवर शाळेची एक मुलगी. मी स्टिअरिंग उजवीकडे घेतलं. काहीच झालं नाही. अजून घेतलं, आणि गाडी एकदम वळली. मुलगी वीतभर अंतरावरून मागे गेली. तिला कळलंही नसेल. माझे पाय कापत होते.

अण्णा शेजारी शांत. “अरे, हिला आधी सांगायला लागतं. वळायच्या आधीच थोडं घेऊन ठेवायचं.”

सांगलीत मिस्त्रीनं कड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोराला गाडीखाली सरपटवलं, स्वतः खिडकीतून हात घालून स्टिअरिंग दोन बोटांनी हलवलं. चाक जागचं हलेपर्यंत कडं दोन-अडीच इंच फिरलं. “प्ले बघा किती आलाय. वरचं काय घेऊन बसलाय साहेब, खालचं बघा की.” टाय रॉडचे एंड खिळखिळे झाले होते. स्टिअरिंग बॉक्सही झिजलेला.

मी विचारलं, बॉक्सचा स्क्रू आवळून भागणार नाही का? त्यानं जे सांगितलं ते मला अजून सोडत नाही. आपण जास्त वेळ सरळ जातो, म्हणून आतले दाते मधे जास्त झिजतात, टोकांना कमी. मधला प्ले काढायला स्क्रू आवळला की सरळ रस्त्यावर गाडी छान वाटते, आणि वळणावर बॉक्स जाम होतो.

प्ले एका दिवसात येत नाही. रोज केसभर येतो, आणि हात रोज केसभर आधी वळायला शिकतो. अण्णांना विचारलं असतं तर त्यांनी शपथेवर सांगितलं असतं की स्टिअरिंग टाइट आहे. खोटं बोलत नव्हते ते. दोष त्यांच्या हातांनी पोटात घातला होता. माझ्या हातात गाडी आली तेव्हा तो बाहेर पडला, आणि त्याची किंमत ती सायकलवाली मुलगी मोजणार होती.

मिलिंदपन्ह या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू मिलिंद राजाला विचारतो: तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय? आस? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. कॉलेजात हे वाचलं तेव्हा फार आवडलं होतं. सगळे भाग बदलले तर गाडी तीच का, हा प्रश्न आपल्याला चघळायला बरा वाटतो, कारण त्यात रथाखाली कुणी येत नाही.

मिस्त्रीनं दोन दिवस मागितले. सांगलीत हिंडलो. विश्रामबागेतलं इंजिनिअरिंग कॉलेज ज्या वालचंद हिराचंदांच्या नावाचं, त्यांनीच 1944 मध्ये ही प्रीमियर कंपनी काढली, हे अण्णांनी मला तिसऱ्यांदा सांगितलं. मग मिरजेला गेलो. तिथे सतारमेकरांच्या गल्लीत एक कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होता. तारा घासून घासून घोडीवर खाचा पडतात आणि आवाज मरतो. तो घोडी कानसत होता. त्या खाचा कुणाच्या रियाझाच्या होत्या, हे त्यानं विचारलं नव्हतं. आणि भोपळ्यावरचं जुनं नक्षीकाम? त्याला त्यानं हातही लावला नव्हता.

आम्हीही तसंच केलं. एंड नवे, बॉक्सचे दाते नवे. कड्याचे तडे हॅक्सॉनं व्ही आकारात रुंद करून इपॉक्सी भरलं, घासलं, काळा रंग दिला. गुळगुळीत झालेल्या दोन जागा तशाच ठेवल्या. त्या कुणाला मारत नाहीत.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट बाजूला ठेवली होती. अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. गेली काही वर्षं अंधार पडला की आई त्यांच्या शेजारी बसून म्हणत असते, “पुढं ट्रॅक्टर आहे हं.” “डावीकडे बाई चाललीय.” डोळे दाखवा असं तिनं कधी म्हटलं नाही. मीही नाही. गाडी त्यांचा जीव आहे, हे आम्हा दोघांना माहीत आहे.

परत निघताना किल्ली त्यांनी मागितली. दिवस कलला होता. मी दिली.

सांगलीबाहेर पडलो आणि गाडी नागमोडी जायला लागली. स्टिअरिंग आता लगेच ऐकत होतं, आणि अण्णांचे हात सवयीनं आधीच थोडं घेऊन ठेवत होते. “जड केलंय त्यानं,” ते वैतागून म्हणाले. समोर, दिवे नसलेली एक उसाची ट्रॉली होती.

“अण्णा, पुढं ट्रॉली आहे.”

“दिसतीय मला.”