खुर्ची कोणी दिली?

केंद्र सरकारच्या कारभाराचा एक मोठा भाग नवा कायदा न करताच चालतो. संगीत नाटक अकादमीला किती अनुदान द्यायचे, कोणत्या संग्रहालयाची डागडुजी आधी करायची, प्रसार भारतीच्या पदरात वर्षाला किती रक्कम टाकायची, परदेशाशी होणाऱ्या व्यापार करारात कोणत्या मालावरचे शुल्क किती उतरवायचे, हे सारे आदेशाने, पत्राने किंवा सहीने होते. विधेयकच नाही, म्हणून कलमवार चर्चा नाही, दुरुस्त्या नाहीत, मतदान नाही. संस्कृती, प्रसारण आणि व्यापार ही खाती एरवी एकमेकांपासून दूरची. या एका बाबतीत मात्र ती सख्खी भावंडे आहेत. म्हणून या तिन्ही ठिकाणी संसदेला आत शिरायला खरे दार उरते ते विभागाशी संबंधित स्थायी समितीचे. ते किती उघडेल हे समितीला कागदोपत्री कोणते अधिकार आहेत यावर थोडेफार अवलंबून असेलही. पण त्याहून अधिक ते अध्यक्षाला ती खुर्ची कोणी दिली आणि ती कोण काढून घेऊ शकतो, यावर ठरते असे माझे म्हणणे आहे.

आपल्याकडे 1993 साली अशा 17 समित्या स्थापन झाल्या, 2004 मध्ये त्या 24 झाल्या. प्रत्येकीत 31 सदस्य, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या तपासणे हे त्यांचे मुख्य काम, आणि ते किती मोलाचे आहे हे संस्कृती खात्याकडे पाहिले की कळते. 2025-26 च्या अर्थसंकल्पात या खात्याला सुमारे 3,360 कोटी रुपये होते. 50 लाख कोटींच्या वर गेलेल्या एकूण खर्चात हे प्रमाण हजार रुपयांत एक रुपयाहूनही कमी. एवढ्याशा मागणीवर सभागृहात बोलायला वेळ कोण काढणार? 2018 आणि 2023 साली तर लोकसभेत सगळ्याच खात्यांच्या मागण्या चर्चेविना, गिलोटिनखाली एका दमात मंजूर झाल्या. अशा वर्षी खात्याचे आकडे कोणी ओळीने वाचले असतील, तर ते समितीनेच. आणि समितीने नीट वाचले की काय निघते, याचे उदाहरण डिसेंबर 2022 चे आहे. कॅगने 2013 साली 92 संरक्षित स्मारके जागेवर सापडत नसल्याचे सांगितले होते. वाहतूक, पर्यटन आणि संस्कृतीविषयक समितीने तो धागा नऊ वर्षांनीही सोडला नाही. 50 स्मारके अजून बेपत्ता आहेत, काही शहरवाढीने गिळली, काही धरणांच्या पाण्याखाली गेली, 24 चा तर मागमूसच नाही, हे तिच्या अहवालातून देशाला कळले. 3,693 संरक्षित स्मारकांपैकी जेमतेम 248 ठिकाणी पहारेकरी आहेत, हेही. त्यासाठी ना कायदा लागला ना नवा अधिकार. लागली ती चिकाटी.

पण चिकाटीला मुदत लागते, आणि नेमकी तीच आपण देत नाही. समितीची मुदत एक वर्ष. अध्यक्षांची नेमणूक लोकसभेचे अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती करतात, तीही पक्षांमध्ये आधी झालेल्या वाटपानुसार. एखाद्या विषयात अध्यक्ष मुरेपर्यंत फेररचनेचा दिवस उजाडतो. प्रसारण ज्या समितीच्या कक्षेत येते त्या माहिती तंत्रज्ञानविषयक समितीचे अध्यक्षपद 2019 पासून शशी थरूर यांच्याकडे होते. लोकसभेची मुदत उरलेली असताना ऑक्टोबर 2022 मध्ये ते बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव यांच्याकडे गेले. दोघांत कोण सरस हा इथे मुद्दा नाही. बदल का झाला, हे सभागृहाला विचारण्याचीच गरज कोणाला वाटली नाही, हा मुद्दा आहे. त्याआधी जुलै 2021 मध्ये याच समितीच्या पेगॅसस या हेरगिरी सॉफ्टवेअरवरच्या बैठकीला सत्ताधारी पक्षाचे सदस्य आले, पण त्यांनी हजेरीपटावर सह्या केल्या नाहीत. गणसंख्या भरली नाही आणि बैठक बारगळली. बोलावलेले अधिकारीही फिरकले नाहीत. अध्यक्षामागे पक्षाचे वाटप असते, सभागृह नसते, तेव्हा त्याला इतक्या सहज हतबल करता येते.

ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाने हा धडा जरा आधी घेतला. 2001 साली तिथल्या सरकारने ग्वेनेथ डनवुडी आणि डोनाल्ड अँडरसन या आपल्याच पक्षाच्या दोन अडचणीच्या समिती-अध्यक्षांना वगळायचे ठरवले, तेव्हा सभागृहाने ते मतदानाने हाणून पाडले. पुढे राइट समितीच्या 2009 च्या शिफारशींनंतर 2010 पासून बहुतेक समित्यांचे अध्यक्ष सर्व खासदारांच्या गुप्त मतदानाने निवडले जाऊ लागले. कोणते अध्यक्षपद कोणत्या पक्षाला, हे आधी ठरते. पण त्या पक्षातला कोण, हे सगळे सभागृह ठरवते. म्हणजे उमेदवाराला समोरच्या बाकांवरही मते मागावी लागतात. खुर्ची काय करते याचा मासला जॉन व्हिटिंगडेल यांच्यात सापडतो. त्यांच्या अध्यक्षतेखालील कॉमन्सच्या संस्कृतीविषयक समितीने फेब्रुवारी 2015 मध्ये बजावले की बीबीसीच्या परवाना शुल्काचा सौदा 2010 सारखा बंद दाराआड पुन्हा होता कामा नये. मे महिन्यात तेच संस्कृतीमंत्री झाले, आणि जुलैमध्ये 75 वर्षांवरील प्रेक्षकांच्या मोफत परवान्यांचा बोजा बीबीसीवर टाकणारा सौदा तसाच, बंद दाराआड झाला. यात ढोंग पाहणारे पाहोत. मला त्यात एवढेच दिसते की समितीच्या खुर्चीवरून जे सुचते ते मंत्र्याच्या खुर्चीवरून सुचत नाही, म्हणून पहिली खुर्ची दुसरीपासून लांब ठेवली पाहिजे.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. राजकारण्यांनी कलेच्या प्रांतात शिरावेच कशाला? जुलै 2023 मध्ये आपल्याकडच्या संस्कृतीविषयक समितीनेच शिफारस केली की पुरस्कार राजकीय कारणांसाठी परत करणार नाही, असे साहित्य अकादमीसारख्या संस्थांनी लेखकाकडून आधी लिहून घ्यावे. 2015 साली लेखकांनी पुरस्कार परत केले होते, त्याचा तो राग होता. शिफारस चुकीची होती, आणि खुद्द समितीतही त्यावर एकमत नव्हते. पण यावरून समितीच नको असे सिद्ध होत नाही. तिने कशाला हात लावावा आणि कशाला नाही, याची रेषा हवी हे सिद्ध होते. ब्रिटनमध्ये 1997 साली जेराल्ड कॉफमन यांच्या अध्यक्षतेखालील कॉमन्सच्या संस्कृतीविषयक समितीने लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसवर इतका जळजळीत अहवाल दिला की तिथल्या अध्यक्षांनी आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी पदे सोडली. समितीचे भांडण लॉटरीच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या इमारतीशी, हिशेबाशी आणि नेमणुकांशी होते. कोणता ऑपेरा चांगला, याच्याशी नव्हते. कॉफमन तेव्हा सत्ताधारी मजूर पक्षाचेच होते, आणि निवडणुकीची पद्धत अजून आलेली नव्हती, हे कबूल केले पाहिजे. स्वभावाने ताठ माणूस नेमणुकीतूनही मिळू शकतो. फक्त त्यावर भरवसा ठेवून संस्था उभारता येत नाही.

दुसरा आक्षेप समित्यांच्या बंद दाराआडच्या बैठका खुल्या करण्यावरचा. कॅमेरा नसला की खासदार पक्ष विसरून बोलतात, असे अनेक जुने सदस्य सांगतात, आणि ते बरेचसे खरे आहे. मसुद्यावरची चर्चा बंदच राहावी. पण अकादमीचे सचिव किंवा प्रसार भारतीचे अधिकारी साक्ष देतात, त्यात राष्ट्रीय सुरक्षेचे असे काय असते? शिवाय पेगॅससची बैठक बंद दाराआडचीच होती. पक्ष तिथेही विसरला गेला नाही.

व्यापाराबाबत थोडक्यात सांगायचे तर आपला भूतकाळ वर्तमानापेक्षा बरा आहे. जागतिक व्यापाराच्या नियमांविषयीच्या डंकेल प्रस्तावांवर देश तापला होता, तेव्हा 1993 मध्ये इंद्रकुमार गुजराल यांच्या अध्यक्षतेखालील वाणिज्य समितीने त्या मसुद्याची छाननी केली, आणि त्यातून आलेल्या करारावर मराकेशमध्ये सही त्यानंतर, 1994 मध्ये झाली. 24 जुलै 2025 ला भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला. ब्रिटनच्या 2010 च्या कायद्याप्रमाणे असा करार मंजुरीआधी संसदेच्या 21 कामकाजी दिवसांसाठी पटलावर ठेवावा लागतो आणि कॉमन्स तो लांबवू शकते. तिथल्या मंत्र्यांनी या पद्धतीतही चर्चा टाळल्याच्या तक्रारी आहेतच. पण त्याच कराराच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे, तेवढेही बंधन कोणत्या कायद्यात नाही.

अध्यक्षांच्या निवडणुकीची कल्पना परकी आहे, असे म्हणणाऱ्यांनी लोकलेखा समिती पाहावी. तिचे सदस्य प्रमाणशीर पद्धतीने निवडून येतात, आणि 1967 पासून अध्यक्षपद विरोधकांकडे देण्याची प्रथा आहे. त्याहून जवळचा दाखला प्रसारणाचाच. 1990 च्या प्रसार भारती कायद्याचे कलम 13 सांगते की महामंडळावर लक्ष ठेवायला 22 खासदारांची समिती असावी, 15 लोकसभेचे आणि 7 राज्यसभेचे, आणि ते दोन्ही सभागृहांतून एकल संक्रमणीय मताने निवडून यावेत. कायदा 15 सप्टेंबर 1997 ला अंमलात आला. त्यानंतर काँग्रेसची, भाजपची, आघाड्यांची सरकारे आली आणि गेली. ही समिती मात्र एकदाही स्थापन झाली नाही. ती करायला नवे विधेयक लागत नाही. दोन्ही सभागृहांत एकेक प्रस्ताव आणि एका सकाळचे मतदान पुरते.