आत्मोन्नतीची कसोटी

नोकरीत असताना आम्ही बढतीसाठी खात्याच्या परीक्षा दिल्या. बढती संपली म्हणून जिज्ञासाही संपावी काय?

कवळाण्याचे गोपाळराव १८७५ साली बडोद्यास दत्तक आले, तेव्हा बारा वर्षांच्या त्या मुलास अक्षरओळखही नव्हती. पुढे सयाजीराव महाराज म्हणून १८८१ मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला, तो अभ्यासाच्या बळावर. राजाला शिक्षक मिळाले, हे खरे; पण मिळालेले शिक्षण त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील काही गावांत आणि १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले.

स्वतःपाशी थांबते ती केवळ प्रगती. दुसऱ्यापर्यंत पोहोचते ती उन्नती. मराठी बोलणाऱ्या, पण वाचू न शकणाऱ्या नातवंडांना अक्षरे शिकवावीत आणि त्यांच्याकडून नवे काही शिकावे, हाच आम्हां निवृत्तांचा अभ्यासक्रम.